न्यायाधीशांना परवान्याविना पिस्तूल? फिरत्या संदेशातला एकेक दावा तपासूया

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून आम्हा वकिलांच्या ग्रुपपर्यंत एक संदेश सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: न्यायाधीश लोकसेवक असल्याने त्यांना शस्त्र परवाना लागत नाही. त्यांनी गोळी झाडली तरी १९८५ च्या न्यायाधीश संरक्षण कायद्यामुळे गुन्हा दाखल होत नाही. अमेरिकेत न्यायाधीश बिनपरवाना पिस्तूल बाळगतात. झारखंडमध्ये धनबादला मारल्या गेलेल्या न्यायाधीशांकडे पिस्तूल असतं तर ते वाचले असते. म्हणून सरकारने प्रत्येक न्यायाधीशाला पिस्तूल द्यावं.

मी ठाण्यात फौजदारी वकिली करतो. न्यायाधीशांना असलेला धोका खरा आहे, आणि म्हणूनच त्यावर असा चुकीचा उपाय पसरलेला मला बघवत नाही.

आधी परवान्याचं बघू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे बंदूक किंवा पिस्तूल बाळगायचं तर परवाना हवा. न्यायाधीशांसाठी तिथे वेगळी सूट नाही. संदेश लिहिणाऱ्याने आधार घेतलाय तो कलम ४५ चा. लोकसेवकाने कर्तव्याचा भाग म्हणून शस्त्र जवळ बाळगलं तर त्याला हा कायदा लागू होत नाही, असं ते कलम सांगतं. संदेशात ‘लोकसेवक’ ठेवलाय आणि ‘कर्तव्याचा भाग म्हणून’ गाळलंय. सगळा अर्थ त्या गाळलेल्या शब्दांत आहे.

न्यायाधीशांच्या कर्तव्यात पिस्तूल कधी येतं, ते कोर्टात बसलं की दिसतं. गोळीबाराच्या खटल्यात पैरवी हवालदार, म्हणजे पोलिसांतर्फे कोर्टाचं काम पाहणारा हवालदार, मुद्देमाल घेऊन येतो. सीलबंद पाकीट असतं, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल. सील शाबूत आहे ना, हे सरकारी वकील आणि आम्ही दोघंही पाहतो, मग पाकीट फोडलं जातं. आतलं पिस्तूल साक्षीदाराला दाखवतात, ‘हेच का ते?’ विचारतात, त्यावर आर्टिकलचा, म्हणजे पुराव्यातल्या वस्तूचा, क्रमांक पडतो. न्यायाधीश ते हातात घेऊन नंबर बघतात आणि लेबलशी ताडतात. इथे त्यांना कुणी परवाना विचारणार नाही, कारण हे त्यांचं कामच आहे. संध्याकाळी घरी जाताना कमरेला लावलेलं स्वतःचं पिस्तूल मात्र या सवलतीत बसत नाही.

तेव्हा न्यायाधीशांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र हवं असेल तर इतरांसारखाच अर्ज करावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे जातो, मुरबाड-शहापूरकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. पेशामुळे किंवा नोकरीमुळे जिवाला खरोखर धोका असेल तर त्याचा विचार करायची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे, त्यामुळे धमक्या येणाऱ्या न्यायाधीशाची बाजू मुळातच भक्कम असते. असा अर्ज लवकर निकाली निघायला हवा, याबद्दल माझं दुमत नाही. परवाना मिळाला तरी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्येच ठेवावं लागतं, ते परजायला मनाई आहे. आणि परवाना नसताना शस्त्र सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. संदेशावर विश्वास ठेवून कुणी पिस्तूल घेतलं तर हे त्याच्या वाट्याला येईल.

१९८५ च्या कायद्याबद्दलचा दावा तर धोकादायकच आहे. त्या कायद्याचं संरक्षण न्यायदानाचं किंवा पदाचं काम करताना केलेल्या कृतीला आणि बोललेल्या शब्दाला आहे. निकाल आवडला नाही म्हणून कुणी न्यायाधीशांवर फिर्याद ठोकू नये, एवढ्यासाठी तो आहे. गोळी झाडणं हे न्यायदान नव्हे. हल्ला झाला तर न्यायाधीशांना खासगी बचावाचा हक्क आहे, पण तो भारतीय न्याय संहितेने तुम्हाआम्हाला दिलाय तेवढाच. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर त्यांनाही उत्तर द्यावं लागेल.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. न्यूयॉर्कच्या कायद्यात न्यायाधीशांसाठी खास प्रकारचा परवाना आहे, म्हणजे परवाना आहेच. शिवाय तिथलं अलीकडचं मोठं पाऊल पिस्तुलाचं नव्हतं. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीत एस्थर सालास या संघीय न्यायाधीशांच्या घरी हल्लेखोर पार्सल आणणारा बनून आला. त्याने त्यांच्या मुलाला ठार केलं आणि पतीला गंभीर जखमी केलं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, तो न्यायाधीशांचा घरचा पत्ता आणि खासगी माहिती इंटरनेटवरून हटवण्यासाठी.

आता धनबाद. या दाव्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. २८ जुलै २०२१ च्या पहाटे अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद रस्त्याच्या कडेने धावत होते. मोकळ्या रस्त्यावर एक रिक्षा वळून त्यांच्या अंगावर आली, मागून धडक देऊन निघून गेली. सीसीटीव्हीत सगळं दिसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. मागून येणाऱ्या रिक्षापुढे पिस्तूल काय करणार होतं? त्या मृत्यूचा वापर पिस्तुलाच्या प्रचारासाठी करणं मला क्रूर वाटतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या न्यायालयात खुनाच्या खटल्यातल्या आरोपीने न्यायाधीशांच्या दिशेने चप्पल भिरकावली. ती समोरच्या लाकडी चौकटीला आपटून बेंच क्लार्कजवळ, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाजवळ, पडली. त्या क्षणी खोलीत पोलीस, वकील, तारखेला आलेले पक्षकार, सगळे दाटीवाटीने. न्यायाधीशांच्या आसनावरून कुणी पिस्तूल काढलं असतं तर गोळी कुणाला लागली असती? आणि सशस्त्र माणसं आसपास असली की हल्ला होत नाही, हेही खरं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला.

प्रत्येक न्यायाधीशाला पिस्तूल देण्यात आणखी एक गोम आहे. एकदा ते दिलं की सुरक्षेची जबाबदारी सरकारच्या खांद्यावरून उतरून त्या एकट्या माणसावर येते. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात सप्टेंबर २०२१ मध्ये हल्लेखोर वकिलांच्या वेशात आत शिरले आणि कोर्टरूममध्येच त्यांनी एका गुंडाला गोळ्या घातल्या. चूक दारावर झाली होती. काळा कोट बघून झडती न घेता सोडायची सवय आपल्याकडेही आहे, आणि झडती मागितली की अपमान झाल्यासारखं चिडणारे आमचे वकीलबंधूही आहेत. तळोजा किंवा ठाणे कारागृहातल्या धोकादायक आरोपीची साधी पुढची तारीख घ्यायची असेल तर ती व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर होऊ शकते. न्यायाधीशांसाठी वेगळा प्रवेश, सुरक्षित निवास, धमकी आली की त्याच दिवशी बंदोबस्त, हे सगळं पिस्तुलाच्या आधी यायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या सुरक्षेबाबत निर्देश दिले, त्यात प्रत्येक न्यायालय संकुलासाठी कायमस्वरूपी सुरक्षा पथक आणि सीसीटीव्हीचा समावेश आहे. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी माहिती अधिकारात एक अर्ज टाकावा: ठाणे, कल्याण आणि बेलापूर न्यायालयांसाठी या पथकाची किती पदं मंजूर आहेत, त्यातली किती भरली आहेत, आणि झडतीसाठी महिला पोलीस किती आहेत.