एकही कोडे न सुटता १७३० रेटिंग: बुद्धिबळ इंजिनांविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या पंधरवड्यात एकच लांबलचक संदेश मला तीन ठिकाणांहून आला. पहिल्या दोन वेळा मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला. तिसऱ्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, यात तथ्य वाटतंय. मी माझ्या इंजिनातली छाटणी काढून टाकली." भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून सुट्टीच्या दिवशी स्वतःचे बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम, लिहितो आहे. एका फुकटच्या संदेशावर विसंबून त्याने कित्येक आठवड्यांचे काम उलटे फिरवले, हे पाहिल्यावर मात्र मला गप्प बसवले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बुद्धिबळ म्हणजे जवळजवळ सगळे डावपेचच असल्यामुळे ज्या इंजिनाला डावपेचांची कोडी जास्त आणि लवकर सुटतात तेच अधिक बलवान. तीस कोडी घड्याळ लावून सोडवायला दिली की इंजिनाचे रेटिंग, म्हणजे ताकद दाखवणारा आकडा, काढता येते, हजारो डाव खेळवण्याची गरज नाही. इंजिने चालींची छाटणी करतात, म्हणजे काही चाली खोलवर न तपासताच सोडून देतात, ही त्यांची लबाडी असून त्यामुळेच सुंदर चाली त्यांच्या नजरेतून सुटतात. स्टॉकफिश या अव्वल मानल्या जाणाऱ्या इंजिनाला तर गणितज्ञ रॉजर पेनरोज यांचे साधे कोडेही कळत नाही, तेव्हा त्याचा पहिला क्रमांक हा निव्वळ बनाव. आणि शेवटी, डावांचे निकाल हा सुरुवातीच्या चालींच्या नशिबाचा खेळ.

तीस कोड्यांवरून रेटिंग काढण्याच्या कल्पनेपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत हास्यास्पद आहे आणि तरीही आकड्यांमुळे सर्वांत शास्त्रीय भासते. ही कल्पना संदेशकर्त्याची नाही. बीटी-२६३० नावाचा एक जुना कोडेसंच आहे. त्यात तीस स्थिती आहेत आणि प्रत्येकीला पंधरा मिनिटे, म्हणजे ९०० सेकंद मिळतात. उत्तर सापडायला लागलेले सेकंद मोजायचे, न सुटलेल्या कोड्याचे पूर्ण ९०० धरायचे, सगळ्यांची सरासरी काढायची आणि ती २६३० मधून वजा करायची, की झाले रेटिंग. आता हे सूत्र कागदावर मांडून पाहा. एकही कोडे सुटले नाही तर सरासरी ९०० येते, आणि २६३० वजा ९०० म्हणजे १७३०. याचा अर्थ असा की ज्या प्रोग्रॅमला घोडा कसा चालतो हेही ठाऊक नाही, किंबहुना जो सुरू होताच अडकून बसतो, त्यालाही हे सूत्र १७३० रेटिंग बहाल करते. क्लबात वर्षानुवर्षे नेमाने खेळणाऱ्या कितीतरी माणसांना हा आकडा गाठता आलेला नाही. दुसऱ्या टोकाला, सगळी कोडी डोळ्याची पापणी लवण्याआधी सोडवणारे इंजिन २६३० च्या वर जाऊच शकत नाही, आणि आजच्या इंजिनांच्या क्रमवारीत स्टॉकफिश साडेतीन हजारांच्या वर आहे. ज्या तराजूवर रिकामे पारडे १७३० दाखवते आणि हत्ती ठेवला तरी काटा २६३० वर थांबतो, त्या तराजूने भाचाच काय, कोणीही काही मोजू नये.

संच करणाऱ्यांवर मात्र राग काढण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या काळातल्या इंजिनांची माहीत असलेली ताकद घेतली आणि तिच्याशी जुळेल असे सूत्र बसवले. म्हणजे रेटिंग आधी डावांवरून ठरले होते आणि सूत्र त्याच्या मागून आले. बुद्धिबळात रेटिंग ज्या एलो पद्धतीने काढतात तिच्यात रेटिंगला डावांवाचून अर्थच नाही. दोन खेळाडूंमध्ये शंभर गुणांचे अंतर असेल तर वरच्याला शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळावेत, एवढेच तो आकडा सांगतो. डाव न खेळता काढलेला एलो म्हणजे परीक्षेला न बसता मिळालेली टक्केवारी.

आता छाटणी. संदेशातला सर्वांत घातक मुद्दा हाच आहे, कारण तो अर्धा खरा आहे आणि त्यानेच माझ्या घरात नुकसान केले. इंजिन प्रत्येक स्थितीत सगळ्या शक्य चालींचे झाड पूर्ण तपासत नाही, हे खरे. त्यातली एक जुनी युक्ती अशी असते: समजा मी माझी पाळी सोडून दिली आणि प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन चाली दिल्या, एवढी सवलत देऊनही माझी स्थिती भक्कमच राहत असेल, तर प्रतिस्पर्धी आपण होऊन या वाटेने येणार नाही, म्हणून ही फांदी आणखी खोल तपासण्यात वेळ घालवू नये. तिला नल-मूव्ह छाटणी म्हणतात. दुसरी युक्ती अशी की चालींच्या यादीत मागे असलेल्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या चाली कमी खोलीपर्यंत पाहायच्या आणि काही वेगळे आढळले तरच परत फिरून नीट पाहायच्या. या दोन्ही युक्त्या कधीकधी फसतात. पहिली तर एका ठरावीक जागी हमखास फसते. ज्या स्थितीत चाल करावी लागणे हेच संकट असते, ज्याला झुगझ्वांग म्हणतात, तिथे पाळी सोडून देणे ही सवलत नसून सुटकाच ठरते. रचनाकारांनी बेतलेली कोडी नेमकी अशाच स्थितींवर उभी असतात, आणि यादीच्या तळाशी लपलेली वेडीवाकडी चाल हे तर कोड्याचे सगळे सौंदर्य. म्हणजे कोडेकार जिथे दडतो तिथेच छाटणीची नजर कमी पडते.

म्हणून भाच्याने नल-मूव्हची तेवढी ओळ बंद केली. त्याच्या संचातली पूर्वी न सुटणारी काही कोडी खरोखरच सुटू लागली आणि तो खूश झाला. मी त्याला म्हटले, "जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी रात्रभर खेळव आणि मगच मला सांग." सकाळी त्याचा फोन आला तो पडेल आवाजात. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीकडून सपाटून हरली होती. आम्ही दोघांनी त्यातला एक डाव उघडून पाहिला. मध्यखेळातल्या एका अगदी साध्या स्थितीत जुनी आवृत्ती त्याच वेळात दोन-तीन पायऱ्या अधिक खोल पोचत होती आणि प्रतिस्पर्ध्याचा हत्ती उघड्या पट्टीवर येणार हे तिला आधीच दिसत होते. नवी आवृत्ती त्या वेळात प्रत्येक फालतू फांदी प्रामाणिकपणे कुरतडत बसली होती. डावात असा प्रसंग चालीगणिक येतो आणि झुगझ्वांग क्वचित. क्वचित येणाऱ्या पाहुण्यासाठी तिने रोजचा स्वयंपाक बंद केला होता.

ज्या इंजिनाला संदेश लबाड ठरवतो, त्या स्टॉकफिशमध्ये हे कसे चालते तेही सांगतो. त्यातला खेळाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक बदल २०१३ पासून फिशटेस्ट नावाच्या यंत्रणेवर तपासला जातो. बदल केलेली आणि न केलेली आवृत्ती जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर एकमेकांशी खेळतात, आधी दहा सेकंदांच्या झटपट डावांत आणि मग साठ सेकंदांच्या जरा लांब डावांत, आणि संख्याशास्त्राची कसोटी पुरी होईपर्यंत हे डाव हजारोंच्या संख्येने चालू राहतात. एखाद्या बदलाने कितीही मनोहर कोडे सुटले आणि डाव मात्र हरले, तर तो बदल बाहेर. उलट मात शोधण्यासाठीच स्टॉकफिशच्या कोडमधून वेगळ्या काढलेल्या, छाटणी कमी केलेल्या आवृत्त्याही आहेत. लांबलचक मात त्या मूळ इंजिनाआधी शोधतात आणि सामन्यात मूळ इंजिनापुढे टिकत नाहीत. संदेशाचा सिद्धान्त खरा असता तर त्या पहिल्या क्रमांकावर असायला हव्या होत्या.

कोड्यांमध्ये आणखी एक खोट आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोडे हाती देतानाच "इथे काहीतरी आहे" असे सांगून टाकलेले असते. शिवाय संचात वजीर किंवा हत्ती बळी देऊन जिंकण्याच्या स्थिती निवडलेल्या असतात. जिथे तेच बलिदान आकर्षक दिसते पण फसते, अशा स्थिती त्यात घेतलेल्या नसतात. तेव्हा उठसूट मोहरे फेकणारे इंजिन अशा परीक्षेत चांगले गुण मिळवते आणि डावात विसाव्या चालीला हत्ती गमावून बसते. बरोबर बलिदानाचे गुण मिळतात, चुकीच्या बलिदानाचे मात्र कापले जात नाहीत.

ज्यांना एकच भक्कम दाखला हवा आहे त्यांनी गुगल डीपमाइंडचा २०२४ सालचा निबंध पाहावा. माझ्या मते या वादाचा निकाल त्यातच आहे. त्यांनी २७ कोटी घटकांचे एक न्यूरल जाळे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, घेतले, एक कोटी डावांतल्या स्थितींवर स्टॉकफिशने दिलेले मूल्यमापन त्याला शिकवले आणि पुढचे काहीही न तपासता, फक्त समोरच्या पटाकडे पाहून चाल निवडायला लावली. लिचेस या संकेतस्थळावरच्या दहा हजार कोड्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कोडी या जाळ्याला सुटली. माणसांविरुद्धच्या झटपट डावांत त्याने २८९५ रेटिंग मिळवले. इथपर्यंत संदेशकर्ता टाळ्या वाजवील. पण त्याच जाळ्याचे इतर बॉटविरुद्धचे, म्हणजे त्या संकेतस्थळावर खेळणाऱ्या प्रोग्रॅमविरुद्धचे, रेटिंग २३०० च्या आसपास निघाले. कोडी तीच, जाळे तेच, आणि प्रतिस्पर्धी बदलताच सुमारे सहाशे गुणांची घसरण. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. हे जाळे पूर्णपणे जिंकलेल्या स्थितीत पोचले की घोटाळू लागे, कारण पहिल्या पाचही चाली जिंकणाऱ्याच दिसत असल्याने आज ही, उद्या ती असे करत ते जागच्या जागी फिरत राही, आणि आधी काय घडले याची आठवण नसल्यामुळे तीच स्थिती पुन्हा पुन्हा येऊन डाव बरोबरीत जाण्याचा धोका असे. उपाय म्हणून संशोधकांनी अशा वेळी अंतिम चाल निवडायला चक्क स्टॉकफिशला बोलावले. कोडी सोडवण्यात पटाईत असलेल्या या जाळ्याला जिंकलेला डाव घरी आणायला सोबत लागते.

पेनरोज यांच्या कोड्यावर फार वेळ घालवत नाही. २०१७ साली पेनरोज संस्थेने प्रसृत केलेल्या त्या स्थितीत काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट आहेत, आणि ते तिन्ही उंट काळ्या घरांवर. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. काळ्याचे वजीर-हत्ती स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेले असल्यामुळे पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला आणि हत्ती मारायच्या मोहात तो पडला नाही, तर पन्नास चालींच्या नियमाने (तितक्या चालींत प्यादे हलले नाही की काही मारले गेले नाही तर) बरोबरी होते. इंजिन पडद्यावर "काळा मोठ्या फरकाने जिंकतो" असा आकडा दाखवते, हे खरे. पण त्याला पांढऱ्याकडून खेळायला बसवले तर तेही राजाच हलवत राहते. आकडा चुकला, चाल चुकली नाही, आणि डावात गुण चालीला मिळतात. शिवाय तीन एकरंगी उंटांसाठी कोणीतरी किमान दोन प्यादी शेवटच्या पट्टीवर नेऊन वजीर न घेता उंट घेतलेले असले पाहिजेत. अशी स्थिती प्रत्यक्ष डावात कोणी पाहिली असेल तर त्याने मला जरूर कळवावे.

यापेक्षा प्रामाणिक उदाहरण संदेशकर्त्याला सापडले असते. १९९८ साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोवविरुद्ध काळ्याकडून खेळणाऱ्या ग्रँडमास्टर शिरोवने सत्तेचाळिसाव्या चालीला आपला उंट एच३ या घरावर नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला. दोघांचे उंट विरुद्ध रंगांच्या घरांवर होते, म्हणजे सर्वसाधारणपणे बरोबरी. पण त्या चालीने एफ५ हे घर मोकळे झाले, काळ्या राजाला तिथून ई४ वर जायला एक चाल वाचली आणि त्याची प्यादी जिंकली. त्या काळच्या इंजिनांना ही चाल सापडत नव्हती, पुढेही कित्येक वर्षे सापडत नव्हती. आणि त्याआधीच, १९९७ मध्ये, आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलेले होते. लीला या न्यूरल इंजिनाचेही तसेच आहे. दोन-तीन चालींचा साधा फटका नजरेतून सुटण्याबद्दल ते सुरुवातीपासून प्रसिद्ध होते, आणि त्याच लीलाने २०१९ साली टीसीईसी या इंजिनांच्या स्पर्धेच्या पंधराव्या मोसमातल्या अंतिम सामन्यात स्टॉकफिशला हरवले.

सुरुवातीच्या चालींच्या नशिबाबद्दल एवढेच: अशा सामन्यांत प्रत्येक सुरुवात दोन्ही इंजिनांना एकदा पांढऱ्याकडून आणि एकदा काळ्याकडून खेळावी लागते. नशीब दोघांच्या वाट्याला सारखेच येते.

नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. डीपमाइंडच्याच निबंधात लहान जाळ्याकडून मोठ्या जाळ्याकडे जाताना कोड्यांची टक्केवारी आणि डावांचे रेटिंग दोन्ही वाढत जातात, तेव्हा या दोहोंचा काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही. अगदी नवख्या इंजिनाला दोन चालींतली मात दिसत नसेल तर ते दुबळेच आहे, आणि ते कळायला हजार डाव लागत नाहीत. पण तो संबंध खालच्या पायऱ्यांवरचा आहे. फ्रेड राइनफेल्डच्या तीनशे कोड्यांचा जो संच इंजिन लिहिणारे वर्षानुवर्षे वापरत आले, त्यातली बहुतेक कोडी आज हौशी इंजिनही सेकंदभरात सोडवते. जिथे सगळेच जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवतात, तिथे पहिला कोण हे त्या परीक्षेवरून ठरत नाही.

भाच्याने ती ओळ परत चालू केली आहे. तीनशे कोड्यांचा संच त्याने पुसलेला नाही. कोडमध्ये काही बदलले की तो आधी एकदा चालवतो, कारण गेल्या महिन्यात बाजूच्या प्याद्याला जाता जाता मारण्याच्या नियमातली त्याची एक चूक अशीच पाच मिनिटांत सापडली होती. त्यानंतर दोन्ही आवृत्त्या रात्रभर खेळायला लावून तो झोपतो. शिरोवचा उंट त्याच्या इंजिनाला अजून सापडलेला नाही.