शहराचं सदर खुर्चीत बसून लिहिता येत नाही

वर्तमानपत्रातल्या शहराच्या सदराबद्दल एक गैरसमज आता संपादकांच्याही डोक्यात पक्का बसलाय. ज्याची मतं ठाम आहेत, भाषा बरी आहे आणि समाजमाध्यमांवर वाचक आहेत, त्याला आठवड्यातून तीनदा जागा दिली की झालं सदर. मला हे अजिबात पटत नाही. शहराचं सदर ही बातमीदारीच आहे. फरक एवढाच, की त्यात लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

नोव्हेंबर 1963 मध्ये हत्या झालेले अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीसाठी पत्रकारांची फौज वॉशिंग्टनमध्ये जमली होती. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनचे सदरलेखक जिमी ब्रेस्लिन त्या गर्दीतून बाजूला झाले आणि आर्लिंग्टनच्या दफनभूमीत केनेडींची कबर खणणाऱ्या कामगारावर त्यांनी लिहिलं. त्या माणसाचं नाव क्लिफ्टन पोलार्ड. रविवारची सुट्टी असताना त्याला कामावर बोलावलं होतं आणि त्याची मजुरी होती तासाला 3 डॉलर 1 सेंट. हा आकडा सदरात आहे, कारण ब्रेस्लिननी तो विचारला होता. असं विचारायची सवय मतं मांडून लागत नाही. म्हणून सदर हातात येण्याआधी आठ-दहा वर्षं पोलीस, न्यायालय, महापालिका अशा बीटवर, म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेल्या क्षेत्रात, घालवलेली असावीत. कुठली नोंदवही कोणाच्या टेबलावर असते आणि ती किती वाजता उघडते, हे त्या वर्षांत कळतं.

हिशेब बघा. आठवड्याला तीन सदरं म्हणजे वर्षाला 156. शिकागोचे सदरलेखक माइक रॉयको बराच काळ आठवड्याला पाच लिहायचे. तीसेक वर्षांत त्यांची साडेसात हजारांहून अधिक सदरं झाली. नव्या माणसाची पहिली वीस सदरं साठवणीतून निघतात: मनात घोळलेले विषय, जुने राग, लहानपणचं शहर. मग साठा आटतो. चौथ्या महिन्यात रस्त्यावरचे खड्डे, पाऊस, रहदारी, पुन्हा खड्डे सुरू झाले, की समजावं, माणूस घरी बसून लिहितोय.

700 शब्दांच्या सदराला एक जागा, एक माणूस आणि एक आकडा पुरतो. दोन जागा घेतल्या की दोन्ही पातळ होतात. त्या जागी कामाची पाळी बदलताना किंवा कचेरीची खिडकी उघडताना जावं, कारण तेव्हा माणसं तक्रार मोठ्यानं करतात. पहिला तासभर प्रश्न विचारूच नयेत. वहीत तीस-चाळीस नोंदी झाल्या तर त्यातल्या सात-आठ कामाला येतात, आणि त्या सात-आठ कुठल्या हे लिहायला बसेपर्यंत कळत नाही, म्हणून सगळ्या घ्याव्या लागतात. साहेबापेक्षा कारकून, पहारेकरी, सफाई कामगार यांना जास्त ठाऊक असतं. नाव ऐकून लिहू नये, त्या माणसालाच वहीत लिहायला सांगावं. आकडा तोंडी मिळाला तर तो फक्त सुगावा समजावा आणि कागद मागावा. ज्याच्यावर टीका आहे त्याला दुपारीच फोन करावा आणि फोनची वेळ टिपून ठेवावी. रात्री आठला एकदा रिंग देऊन ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं छापणं अन्याय आहे, आणि खुलासा आला की तेच अंगाशी येतं.

आणखी एक, जे फार कमी जण शिकवतात. रात्री जाहिरात आली की घाईत असलेला उपसंपादक मजकूर खालून कापतो. ज्या शेवटासाठी सगळं रचलं, तोच जातो. म्हणून मधे साठ-सत्तर शब्दांचा एक परिच्छेद असा ठेवावा, की काढला तरी खिंडार पडणार नाही, आणि तो कुठला हे मजकूर पाठवतानाच डेस्कला कळवावं.

खरा धोका थकव्यातून येतो. डेडलाइन दोन तासांवर, हातात माणूस नाही. मग ‘एक रिक्षावाला म्हणाला’ असं एक वाक्य जन्माला येतं. बोस्टन ग्लोबच्या सदरलेखिका पॅट्रिशिया स्मिथ यांना 1998 साली याच कारणासाठी राजीनामा द्यावा लागला. काही सदरांतली माणसं आणि त्यांची वाक्यं आपण रचली, हे त्यांनी कबूल केलं. त्यांची भाषा विलक्षण होती, म्हणून जास्त वाईट वाटतं. रॉयकोंच्या सदरातही स्लॅट्स ग्रोबनिक नावाचं काल्पनिक पात्र होतं, पण ते पात्र आहे हे वाचकांना ठाऊक होतं. सगळा फरक तिथे आहे. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो: ताज्या घटनेशी न बांधलेली, तपासून झालेली दोन सदरं कायम हाताशी ठेवायची. एक वापरलं की त्याच आठवड्यात दुसरं भरायचं.

आणि कारकीर्द? ती वर्तमानपत्राच्या भरवशावर ठेवू नये. शिकागो डेली न्यूज 1978 मध्ये बंद पडलं तेव्हा रॉयको शिकागो सन-टाइम्समध्ये गेले आणि 1984 मध्ये शिकागो ट्रिब्यूनमध्ये. पेपर तीन, शहर एकच. सॅन फ्रान्सिस्कोचे सदरलेखक हर्ब केन 1950 मध्ये क्रॉनिकल सोडून एक्झामिनरमध्ये गेले, 1958 मध्ये परतले. छोट्या छोट्या खबरी तीन टिंबांनी जोडण्याची त्यांची शैली दोन्हीकडे चालली, कारण खबरी देणारी माणसं त्यांची होती, पेपरची नव्हती. म्हणून फोन नंबरांची वही आणि छापून आलेल्या प्रत्येक सदराची प्रत स्वतःकडे असावी. करारात मजकुराचे हक्क कोणाकडे राहतात, ते सही करण्याआधी वाचावं.

त्या प्रतींची एक सूचीही ठेवावी: तारीख, जागा, माणसाचं नाव आणि सदरात कोणी काय आश्वासन दिलं ते. नळ दुरुस्त होईल, दाखला मिळेल, चौकशी बसेल, जे असेल ते. बरोबर सहा महिन्यांनंतरच्या तारखेला डायरीत खूण करून पुन्हा तिथे जावं आणि त्याच माणसाला विचारावं, झालं का.