पर्लमध्ये फाइली गाळायला म्हणे रेजेक्स नको

पुण्यातल्या प्रोग्रामर मंडळींच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'पर्लमध्ये फाइलींची नावं गाळायला रेजेक्स लिहिणं ही नुसती हौस. स्टार दोन्हीकडे तोच, मग सरळ ग्लॉब वापरा. ग्लॉब कधी फसवत नाही. रेजेक्स मंद असतं आणि मराठी नावांवर चालत नाही.' (पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा; रेजेक्स आणि ग्लॉब म्हणजे नावं जुळवायला पॅटर्न लिहायच्या दोन पद्धती.)

स्टार (`*`) तोच? चिन्ह तेच, काम वेगळं. ग्लॉबमध्ये स्टार म्हणजे काहीही, कितीही. रेजेक्समध्ये तो फक्त आधीच्या गोष्टीची शेपटी: ती शून्य किंवा जास्त वेळा येऊ दे, एवढंच सांगतो. म्हणून `*.पीडीएफ` तसंच रेजेक्समध्ये चिकटवलं की पर्ल एरर देतं, कारण स्टारच्या आधी काहीच नाही. हे बरंच म्हणायचं. डॉटची चूक मुकाट्याने होते. `.पीडीएफ` मधला डॉट कुठल्याही अक्षराला चालतो आणि शेवटी `$` (नाव इथेच संपतं, अशी खूण) नसेल तर `अंक.पीडीएफ.जुनी` सुद्धा आत येते. हवं ते `\.पीडीएफ$`; बॅकस्लॅशमुळे डॉट म्हणजे डॉटच राहतो.

ग्लॉब फसवत नाही, हे वाक्य लिहिणाऱ्याने सदाशिव पेठेतल्या एखाद्या प्रेसचा फोल्डर बघावा. तिथे नावं `दिवाळी अंक १.पीडीएफ` अशीच असणार. ग्लॉबला `दिवाळी अंक*` दिलं की तो स्पेसवर तोडून दोन पॅटर्न करतो. वर त्यातल्या नुसत्या `दिवाळी` ला वाइल्डकार्ड (स्टारसारखं चिन्ह) नसल्यामुळे त्या नावाची फाइल नसली तरी ते नाव यादीत येतं! यावर उपाय आहे, पर्लच्या फाइल-ग्लॉब मॉड्यूलमधलं बीएसडी-ग्लॉब हे फंक्शन, ते स्पेसवर तोडत नाही. पण फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख नाही. साध्या, बिनस्पेसच्या नावांना ग्लॉब पुरतो, तिथे माझं भांडण नाही.

मंदपणाचं फार ताणू नये. नाव तपासणं मेमरीत होतं, फाइलची माहिती विचारायला सिस्टिमकडे जावं लागतं. आधी नाव गाळा, मग `-एफ` (ही साधी फाइलच आहे ना, हे विचारणारी पर्लची तपासणी) तपासा, वेळ वाचेलच.

मराठीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. रीडडिर, म्हणजे फोल्डरमधली नावं वाचणारं पर्लचं फंक्शन, अक्षरं नाही, बाइट्स देतं. युटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) मध्ये 'पुणे' म्हणजे १२ बाइट्स, त्यामुळे डीकोड न करता, म्हणजे बाइट्सची अक्षरं न करता, डॉटने अक्षरं मोजाल तर हिशोब चुकणारच. डीकोड केलं, स्क्रिप्टमध्ये 'यूज युटीएफ८' लिहिलं, की चालतं. इतकं की बॅकस्लॅश-डी (रेजेक्समधली 'कुठलाही अंक' ही खूण) `२०२४` लाही अंक मानतं. फक्त इंग्रजी अंक हवे असतील तर पर्ल ५.१४ पासून त्यासाठी 'ए' मॉडिफायर (रेजेक्सच्या शेवटी जोडायचं अक्षर) आहे.

आणि रेजेक्स बरोबर असूनही यादी रिकामी येत असेल, तर रीडडिर फक्त नाव देतं, फोल्डरचा पाथ नाही, हे आधी पाहा. पाथ न जोडता केलेली `-एफ` तपासणी चालू फोल्डरमध्येच शोधते.