रोज पाच गोष्टी? आठवड्यातून एकदा पुरे

‘रोज रात्री न चुकता पाच गोष्टींची यादी करा, आत्मविश्वास आपोआप येईल’ हे कृतज्ञतेच्या वहीबद्दलच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ज्यांबद्दल मनात कृतज्ञता आहे अशा गोष्टी या वहीत लिहायच्या असतात. रोजच्या सक्तीनेच ही सवय मोडते. आठ-दहा दिवसांत ‘आईबाबा, तब्येत, नोकरी’ हीच नावं फिरून फिरून येतात. हात लिहीत राहतो, मन तिथे नसतं. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. त्याच वर्षी आलेल्या मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या अभ्यासात लिहिणं रोजचं होतं खरं, पण एकच आठवडा, दिवसातल्या तीनच चांगल्या गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे ‘हे का घडलं?’ याचं उत्तर.

हा ‘का’ लेखात राहूनच गेला, आणि माझ्या मते आत्मविश्वासाशी धागा जुळतो तो तिथेच. ‘आज डबा वेळेवर झाला’ एवढंच लिहून थांबू नका. ‘कारण भाजी रात्रीच निवडून ठेवली होती’ हेही लिहा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी स्वतःच्या हातून काम तडीस गेल्याचा अनुभव हाच आत्मविश्वासाचा सर्वांत भक्कम आधार मानला आहे. तेव्हा रविवारी पंधरा मिनिटं, तीन नोंदी, त्यातली निदान एक स्वतःच्या कृतीची. आणि ज्याने दुखावलं त्याच्याबद्दल ओढूनताणून कृतज्ञता लिहू नका. आतला आवाज ‘हे चुकीचं आहे’ म्हणत असताना वहीत ‘धन्यवाद’ लिहिणं म्हणजे तोच आवाज दाबणं.