कोणते पाटील, भो?

दलालीत नवे आहात ना? मग जळगावात भाड्याचा फ्लॅट दाखवण्याआधी एक पक्कं लक्षात ठेवा. जात कधीच विचारायची नाही. आपण सुधारलेली माणसं. फक्त आडनाव विचारायचं.

आडनावावर भागलं तर सोपं. समोरचा 'पाटील' म्हणाला की मात्र पंचाईत. मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील... आपल्याकडे पाटलांना काय तोटा! मग आवाजात मध घालून विचारायचं, "कोणते पाटील, भो?" तो नुसताच हसला, तर गाव कोणतं, मामांचं गाव कोणतं. तरीही पत्ता लागेना, तर घरच्या देवीवर यायचं, "श्रावणात कानबाई बसते का हो तुमच्याकडे?" बिचाऱ्याला वाटतं, किती आपुलकीनं चौकशी करतो माणूस!

गणित जुळलं नाही तरी 'नाही' म्हणायचं नाही. "अरेरे, कालच टोकन झालं!" हे म्हणताना हात खिशात नको. त्याच फ्लॅटची चावी खुळखुळते.

मालकाला 'शुद्ध शाकाहारी फॅमिली'च हवी असते. तो स्वतः रविवारी शेतात काळ्या मसाल्याचा रस्सा ओरपतो, पण ते शेत झालं. एकटी नोकरदार बाई आली तर 'सोसायटीचा नियम' पुढे करा. तो लिहिलेला कुठे आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

कायद्याची धास्ती कशाला? संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव आहेत. भाड्याचा टू-बीएचके नावानिशी नाही. महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहबांधकाम नियामकाची, नोंदणी आणि परीक्षा विक्रीच्या दलालांना, भाड्याला तुम्ही मोकळे. हां, १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे खरा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत राहण्यापासून अडवलं, तर १ ते ६ महिने कैद, वर १०० ते ५०० रुपये दंड. (पाचशेत हल्ली करारनामासुद्धा होत नाही.) ॲट्रॉसिटी त्याहून कडक. पण तक्रार करायला आधी कारण कळावं लागतं, आणि आपण कारण सांगतोच कुठे? तृतीयपंथीयांना घर नाकारायला २०१९च्या कायद्याने मनाई आहे. त्यांनाही टोकनच सांगायचं.

असे चौदा जण परत पाठवले की तीन महिने फ्लॅट रिकामा राहतो, तुमची दलालीही बुडते. मालक फोनवर कावतो, "एक भाडेकरू आणता येईना तुला?"

सांगायचं, "मार्केट थंड आहे, भो."