गोल्फचं मैदान करायचंय? आधी धावडे मोजा

मराठवाड्यात गोल्फचं नाव काढलं की दोनच सूर लागतात. एक म्हणतो पर्यटन येईल, पोरांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, प्यायला पाणी नाही अन् यांना गोल्फ सुचतोय. वाद पाण्यापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. जागा कोणती, हे कुणी विचारत नाही. खरं नुकसान तिथंच होतं.

अठरा होलच्या मैदानाला सलग 120 ते 150 एकर लागतात, तेही चढउताराचे आणि स्वस्त. काळ्या रानात असा तुकडा मिळत नाही, डोंगरउतारावर मिळतो. बालाघाटाच्या कडा, अजिंठ्याच्या रांगेचा पायथा, म्हैसमाळकडचे माळ. आपलं उरलंसुरलं मूळचं जंगलही तिथंच आहे: धावडा, सालई, मोई, खैर, टेंभुर्णी, खाली करवंद, भराटी, पवन्या आणि कुसळी. सातबाऱ्यावर मात्र ‘पोटखराबा’ किंवा ‘पड’.

त्यात पाहणी मे महिन्यात होते. पानगळीचं जंगल तेव्हा काटक्यांचा ढीग दिसतं, गवत वाळलेलं, कंद जमिनीत. अहवालात ‘ओसाड’ लिहून मोकळे. पाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच हवी. गवतं, कळलावी, जमिनीवरची ऑर्किडं तेव्हाच ओळखू येतात. आणि कागदावर जंगल नाही म्हणून सुटका होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने ‘जंगल’ रूढ अर्थाने धरायचं ठरलं, जमीन कुणाच्याही मालकीची असो. 2023 च्या वन संवर्धन कायद्याच्या दुरुस्तीनंतरही फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने तूर्त तोच अर्थ कायम ठेवला.

‘एकही झाड तोडणार नाही’ या आश्वासनावर माझा काडीचा विश्वास नाही. झाड मारायला कुऱ्हाड लागतेच असं नाही. सपाटीकरणात बुंध्याभोवती वीतभर भराव पडला की मुळांची हवा तुटते आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं, ठेकेदार बिल घेऊन गेल्यावर. पाइपलाइनचा चर मुळं कापतो. साधा हिशेब: छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास, त्याच्या बारापट त्रिज्येत खोदाई नाही, भराव नाही, जेसीबी उभा करणं नाही. 40 सेंटीमीटरच्या धावड्याला चारी बाजूंनी जवळपास 5 मीटर.

पाणीही मारतं. मुरमावरच्या सालईला उन्हाळ्यात कोरडं राहायची सवय; रोज फवारा लागला तर मुळं कुजतात. ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवरचं, खत वाहून जंगलात शिरलं की घाणेरी आणि गाजर गवत माजतं. मोठे फवारे 15-20 मीटर फेकतात. म्हणून जंगल आणि ओलिताच्या मधे किमान 30 मीटर कोरडा पट्टा हवा आणि उताराचं पाणी जंगलाकडे न जाता तळ्याकडे वळायला हवं.

आखणीत आणखी एक गोम आहे. दहा हेक्टरचं चौकोनी जंगल घ्या. कडेचा 30 मीटर भाग बिघडला तरी आत साडेसहा हेक्टर शाबूत राहतात. तेच दहा हेक्टर 100 मीटर रुंदीच्या लांब पट्टीत ठेवले तर पावणेचारच उरतात. नकाशावर क्षेत्रफळ मात्र तितकंच! झाडीतून फेअरवे, म्हणजे चेंडू मारत न्यायचे कापलेल्या गवताचे पट्टे, काढणं म्हणजे जंगलाच्या अशा पट्ट्या पाडणं.

बदल्यात दुप्पट झाडं लावू, हेही ऐकू येतं. धावड्याचं बी बहुतेक पोचट निघतं, त्यामुळे रोपवाटिकेत धावडा क्वचितच दिसतो. मग लावलं जातं गिरीपुष्प आणि गुलमोहर. हिरवं दिसतं खरं.

आता पाण्याचं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. उन्हाळ्यात हरळीला दिवसाला 5 मिलिमीटर धरा आणि ओलीत 20 हेक्टर: रोज 10 लाख लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या जलदूत रेल्वेत 5 लाख लिटर होतं. त्यामुळे बोअरचं पाणी नकोच. औद्योगिक वसाहतीजवळची जागा, शुद्ध केलेलं सांडपाणी, तेही सोडियम तपासून. नाहीतर काळी माती आवळते आणि पावसाळ्यात पाणी मुरत नाही.

माझं मत विचाराल तर नऊ होल पुरेत. ओलीत फक्त ग्रीन, टी (पहिला फटका मारायची जागा) आणि अरुंद फेअरवेला. जागा बंद पडलेल्या खदानीची किंवा आधीच उकरलेल्या माळाची. जंगलाची हद्द खांब रोवून आधी ठरवा, आराखडा करणाऱ्याला नंतर बोलवा, आणि ती हद्द परवानगीच्या अटींत गट नंबरासह लिहून घ्या. रफमध्ये, म्हणजे फेअरवेच्या कडेच्या उंच गवतात, पवन्या आणि मारवेल राखा, बी गळाल्यावर डिसेंबरात कापा, चारा गावाला द्या. चराई मात्र पहिली तीन वर्षं बंद, आणि जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) दरवर्षी फेब्रुवारीच्या आत.