आता तरी मरू द्या त्या टर्मिनेटरला

अरे हॉलिवूडवाल्यांनो, ही टर्मिनेटर पिक्चरची सिरीज किती पिळाल अजून? १९९१ ला दुसऱ्या पार्टमध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरचा टर्मिनेटर रोबो अंगठा वर करून वितळलेल्या पोलादात बुडाला, संपली ना स्टोरी! पण नाही. २००३ ला परत, २००९ ला परत, २०१५ ला जेनिसिस, म्हणे नवी ट्रिलॉजी, ती पहिल्याच पार्टला गुंडाळली आणि २०१९ ला डार्क फेट आणून सांगतात मधले तिन्ही विसरा, ते झालेच नाहीत. वा! मग आमच्या तिकिटाचे पैसे पण गेलेच नाहीत का? आणि यंत्रांविरुद्ध माणसांचा भावी नेता असलेल्या ज्या जॉन कॉनरने जगावं म्हणून दोन अख्खे पिक्चर जीव मुठीत धरून बघितले त्याला सुरुवातीलाच उडवला, का तर नवीन हिरो हवाय. बाकी सगळं तेच, फक्त माणसांवर उलटलेल्या स्कायनेट या कॉम्प्युटर सिस्टीमचं नाव लीजन केलं. आणि सत्तरी ओलांडलेला आर्नोल्ड त्यात काय करतोय, तर लोकांच्या घरी पडदे लावून देतोय. पडदे!!